मुखडा तोच, गोष्ट वेगळी



एक तरुण मोटारसायकलवरून येऊन एका घरासमोर थांबतो. दाराला झेंडूचे तोरण आहे, अंगणात मांडव आहे, आत बायकांची लगबग चालली आहे. तरुणाच्या हातात लाल मखमलीची एक डबी आहे. तो ती उघडून पाहतो, मिटतो आणि पुन्हा खिशात ठेवतो. गाण्याचा अजून एकही शब्द उच्चारला गेलेला नाही. मागे नुसती बासरी चालू आहे. तरीही पाहणाऱ्याला सगळे कळलेले असते. लग्न कोणाचे, डबीत काय, उशीर कोणाला झाला, यातले काहीच कोणी बोलून दाखवलेले नाही. मग हे कळले कुठून?

कळले ते संकेतांतून. तमाशाच्या वगात नटाने एक गिरकी घेतली की तो दुसऱ्या गावी पोचतो, आणि ‘गाडी कुठे आहे, रस्ता कुठे आहे’ असे कोणी विचारत नाही. पाहणारा आणि दाखवणारा यांच्यात तो करार आधीच झालेला असतो. नाट्यपूर्ण म्युझिक व्हिडिओ, म्हणजे ज्याला सगळे साधेपणाने ‘अल्बम साँग’ म्हणतात, तोही अशाच करारांवर उभा आहे. चार-पाच मिनिटांत दोन माणसांची भेट, प्रेम, ताटातूट, एखादे मरण आणि त्यानंतरचे आयुष्य एवढा ऐवज बसवायचा असेल तर करारांवाचून गत्यंतर नाही.

रायपूरच्या उत्तरेला उरला औद्योगिक क्षेत्राला लागून वसलेले बीरगांव हे कामगारांचे शहर. इथे हा प्रकार समजून घ्यायला वेगळी प्रयोगशाळा लागत नाही. पाळी सुटल्यावर चहाच्या टपरीवर एकाच मोबाइलवर छत्तीसगढी गाणे लागते, त्यामागून भोजपुरी, मग पंजाबी, मग मराठी. पंजाबी शब्द निम्मे डोक्यावरून जातात. पण मुलगी का रडते आहे, हे कळायला कोणालाही अडचण पडत नाही. भाषा न कळता गोष्ट कळते. असे का होते?

याचे उत्तर या प्रकाराच्या मूळ नियमात आहे. घटना चित्राने सांगायची आणि गाण्याने फक्त भावना सांगायची, हा तो नियम. गाणे कधी म्हणत नाही की मुलीच्या वडिलांनी नकार दिला, की नोकरी सुटली, की गाडी उलटली. गाणे म्हणते तू, मी, रात्र, पाऊस, वाट. वडिलांचा नकार चित्र दाखवते, उलटलेली गाडी चित्र दाखवते. पोवाड्यात नेमके उलटे असते. अफझलखानाच्या वधाच्या पोवाड्यात शाहीर अज्ञानदासाला वाघनखेही शब्दांत सांगावी लागतात, कारण डोळ्यांपुढे दुसरे काही नाही. व्हिडिओतल्या गीतकाराला ते ओझे नाही, आणि त्याने ते उचलूही नये.

का उचलू नये? कारण गाण्याला दोन जन्म असतात. एक जन्म चित्राबरोबरचा. दुसरा चित्राशिवायचा: रिक्षात, वरातीत, सलूनमध्ये, कारखान्याच्या गेटवरच्या स्पीकरवर. व्हिडिओत नायिका शेवटी मरते, पण तेच गाणे पुढच्या मोसमात कोणाच्या तरी हळदीला वाजणार असते. मरणाची हकिगत शब्दांत असती तर ते हळदीला वाजले असते का? म्हणून शब्द मोकळे ठेवायचे, कोणत्याही प्रसंगात बसतील असे. चित्र त्यांना त्या एका गोष्टीपुरते बांधून घेते.

चित्र पाहून गोष्ट ओळखण्याची ही सवय आपल्याकडे अल्बमच्या आधीपासूनची आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि ‘छायागीत’ हा चित्रपटगीतांचा कार्यक्रम पाहणारी एक पिढी घडली. चित्रपट पाहिलेला नसायचा, पुढचे-मागचे काही माहीत नसायचे. तीन-चार मिनिटांचे एक गाणे समोर यायचे आणि घरातली मंडळी त्यावरून तर्क चालवायची. हा हिचा नवरा की दीर? ही रुसली आहे की हिला खरेच फसवले आहे? तुकड्यावरून अख्खे वस्त्र ओळखण्याचा तो सराव होता. रायपूर भागात तर चित्र याहूनही वेगळ्या वाटेने आले. १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे खेड्यांत दूरचित्रवाणी नेण्याचा प्रयोग झाला. सहा राज्यांतल्या २४०० गावांपर्यंत पोचलेल्या त्या प्रयोगात तेव्हाच्या मध्य प्रदेशाचा वाटा म्हणजे रायपूर, बिलासपूर आणि दुर्ग हेच जिल्हे होते. सगळ्या गावाने एका संचासमोर बसून पाहायचे, आणि जे अर्धवट कळेल ते एकमेकांना विचारून पुरे करायचे.

पुढचा इतिहास झपाट्याने सांगता येतो. अमेरिकेत १ ऑगस्ट १९८१ रोजी एमटीव्ही वाहिनी सुरू झाली. भारतात १९९४ मध्ये चॅनल व्ही आणि १९९६ मध्ये एमटीव्ही इंडिया आल्या. चित्रपट मागे नसलेल्या गाण्याला स्वतःचे चित्र लागू लागले. चित्रपटाची गोष्ट उसनी घेता येत नाही, तेव्हा गोष्टही त्या गाण्यापुरतीच रचावी लागली. तिथून हे संकेत पक्के होत गेले.

आता यातला सर्वांत मोलाचा संकेत. तो मुखड्याचा आहे.

गाण्याची बांधणी सर्वांना ठाऊक आहे. मुखडा, मग वाद्यांचा तुकडा, मग अंतरा, की पुन्हा मुखडा. असे तीन-चार वेळा. कथा सांगणाऱ्याच्या दृष्टीने ही मोठीच अडचण आहे. गोष्टीला पुढे जायचे आहे आणि गाणे मात्र फिरून फिरून त्याच ओळीवर येते. शब्द बदलायचे नाहीत, चाल बदलायची नाही. मग बदलायचे काय? बदलायचे ते ओळीखालचे चित्र.

समजा, मुखड्यात ‘जाऊ नकोस’ एवढीच विनवणी आहे. पहिल्यांदा ती येते तेव्हा कॉलेजबाहेरचा बसथांबा आहे. बस आली आहे, मुलगी पायरीवर एक पाय ठेवून मागे वळून हसते आहे. विनवणी लाडिक आहे. उद्या पुन्हा भेट होणारच आहे. दुसऱ्यांदा तोच मुखडा येतो तेव्हा रेल्वे स्टेशन आहे. मुलाच्या खांद्यावर बॅग आहे, फलाटावर त्याची आई आहे, मुलगी जरा लांब खांबाआड उभी आहे. आता विनवणी त्याला आहे, आणि ती मोठ्याने म्हणता येत नाही. तिसऱ्यांदा मुखडा येतो तेव्हा इस्पितळातली खाट आहे. यंत्रावरची रेघ दिसते, पांढऱ्या चादरीवर पडलेला हात दिसतो. तेच दोन शब्द, तीच चाल, तोच गायक. पण पहिल्या वेळी ज्या शब्दांनी ओठांवर हसू आणले, त्याच शब्दांनी या वेळी घसा दाटतो. ओळ जिथल्या तिथे राहिली आणि तिच्याखालून आयुष्य पुढे सरकले. उत्तम व्हिडिओ ओळखायचा तो इथे. मुखड्याच्या प्रत्येक फेरीला चित्राने नवा अर्थ दिला की नाही, की नुसते वेगवेगळ्या कपड्यांतले नाच जोडले? बहुतेक व्हिडिओ या एका कसोटीला उतरत नाहीत.

ही युक्ती परकी आहे का? मुळीच नाही. नारदीय कीर्तनाची रचना आठवावी. पूर्वरंगात बुवा संताचा एक अभंग घेतात आणि त्याचे निरूपण करतात. उत्तररंगात आख्यान लावतात, कधी हरिश्चंद्राचे, कधी एखाद्या भक्ताचे. आख्यान संपत आले की बुवा पुन्हा त्याच मूळ अभंगावर येतात. शब्द तेच असतात. पण मधल्या तासाभरात हरिश्चंद्राला स्मशानात उभा पाहिलेला श्रोता तो अभंग आता पहिल्यासारखा ऐकू शकत नाही. म्युझिक व्हिडिओ चार मिनिटांत जे करू पाहतो ते कीर्तनकाराने देवळाच्या ओसरीवर केव्हाच साधले होते.

मुखड्याला अर्थबदलाचे काम मिळाले, अंतऱ्याला आठवणींचे. आणि खऱ्या घटना? त्या घडतात वाद्यांच्या तुकड्यात. थप्पड बसते ती तिथे, पाकीट फोडले जाते ते तिथे, गाडीचे दिवे डोळ्यांवर येतात ते तिथे. शब्द चालू असताना कानाचे लक्ष शब्दांकडे जाते आणि डोळा थोडा सैल पडतो. शब्द थांबले की डोळा एकटाच जागा असतो. म्हणून महत्त्वाची घटना शब्दांच्या गर्दीत टाकत नाहीत. कधी तर दिग्दर्शक याच्याही पुढे जातो आणि गाणेच थांबवतो. दुसऱ्या अंतऱ्यानंतर सगळी वाद्ये गप्प होतात. फोनची घंटा ऐकू येते, दार वाजते, कोणी तरी एकच वाक्य बोलते. मग सहा-सात सेकंदांची ती शांतता फोडत मुखडा सर्वांत वरच्या पट्टीत येतो. नाटकात प्रवेशाच्या टोकाला जो आघात असतो, तोच इथे असतो.

गाणे मोडायचे धैर्य कुठवर जाऊ शकते याचा ठळक नमुना म्हणजे मायकल जॅक्सनचा ‘थ्रिलर’. जॉन लँडिस या चित्रपट-दिग्दर्शकाने केलेला, डिसेंबर १९८३ मध्ये आलेला हा व्हिडिओ जवळजवळ चौदा मिनिटांचा आहे. मूळ गाणे त्याच्या निम्म्याहूनही कमी. लँडिसने गाण्याचे भाग सुटे केले आणि कथेच्या सोयीने पुन्हा मांडले. कडवी एकामागोमाग एक, मध्ये मुखडा न येऊ देता, चित्रपटगृहातून घरी परतणाऱ्या जोडप्याच्या चालण्यावर घातली. मुखडा राखून ठेवला तो पुढे, प्रेते थडग्यांतून उठल्यानंतरच्या नाचासाठी. म्हणजे श्रोत्याला ज्याची ओढ असते तेच अडवून धरले. गाण्याने कथेसाठी एवढी जागा सोडून दिल्याचे दुसरे उदाहरण सहज सापडत नाही.

मुखड्यानंतरचा प्रश्न गायकाचा. गोष्टीत गायक कोण असतो?

इथे छत्तीसगडच्या श्रोत्यांना फार लांब पाहावे लागत नाही. महाभारत गाऊन सांगणारी पंडवानी त्यांच्या अंगणातली आहे. कापालिक शैलीत कलावंत उभा राहून, फिरून, अंगाने कथा जिवंत करतो. वेदमती शैलीत बसून सांगतो. तीजनबाईंनी कापालिक शैली जगभर नेली, आणि २०१९ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. त्यांच्या हातातला मोरपिसे लावलेला तंबुरा आठवून पाहा. तो खांद्यावर गेला की भीमाची गदा होतो, आडवा झाला की अर्जुनाचे धनुष्य होतो, छातीशी आला की पुन्हा तंबुरा. एक बाई एका क्षणी भीम आहे, दुसऱ्या क्षणी दुःशासन, तिसऱ्या क्षणी केवळ सांगणारी. शेजारी बसलेला रागी ‘हां’ म्हणतो, प्रश्न विचारतो, श्रोत्यांच्या वतीने चकित होतो. शाहिरामागचे झिलकरी ‘जी जी’ म्हणत तेच काम करतात. सांगणारा पात्रांत शिरू शकतो आणि बाहेरही येऊ शकतो, हा त्या कलेचा प्राण.

म्युझिक व्हिडिओत हे स्वातंत्र्य तीन रीतींनी उतरले. कधी गायकच नायक असतो. मग त्याला एकाच वेळी भोगायचे आणि गायचे असते, आणि अभिनय कच्चा असेल तर दोन्ही फसते. कधी गायक दिसतच नाही. चित्रातली माणसे मूकपटातल्यासारखी वावरतात. ओठ हलतात, शब्द ऐकू येत नाहीत, फक्त मागे आवाज येत राहतो. दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्रा’ला जे जमवावे लागले, म्हणजे तोंडातल्या शब्दावाचून पात्राचे मन दाखवणे, तेच शंभर वर्षांनी या व्हिडिओतल्या नवख्या नटाला जमवावे लागते.

तिसरी रीत सर्वांत मनोहर. गायक गोष्टीत असतो, पण गोष्ट त्याची नसते. फाल्गुनी पाठक यांच्या १९९८ ते २००० या काळातल्या व्हिडिओंनी ही रीत घरोघरी नेली. ‘याद पिया की आने लगी’मध्ये प्रेम रिया सेनचे, ‘मेरी चुनर उड़ उड़ जाए’मध्ये आयेशा टाकियाचे. फाल्गुनी स्वतः शर्ट-पँटमध्ये चौकटीच्या कडेला उभ्या. त्या नायिकेच्या मनातले गातात, तिच्याकडे पाहून हसतात, तिला हाताला धरून पुढे करतात, आणि तिच्या प्रेमाच्या आड कधी येत नाहीत. जुन्या काव्यातली सखी म्हणायची ती हीच. लाजेपायी जे नायिकेला बोलता येत नाही ते सखी बोलते. घरातल्या चार माणसांत बसून हे व्हिडिओ निर्धास्त पाहिले गेले, त्यामागे या सखीची उपस्थिती हे मोठे कारण आहे.

फाल्गुनींच्या गाण्यांच्या नावांकडे पाहिले तर पुढचा संकेत आपोआप हाती येतो. पायल, चुनर, चुडी. आणि मराठीत २०२४ मध्ये संजू राठोड यांची ‘गुलाबी साडी’. गाण्याच्या नावातच वस्तू आहे. व्हिडिओला वस्तू फार लागते. कारण उघड आहे: संवाद नसतील तर नाते दाखवायचे कशाने? हातातून हातात जाणाऱ्या वस्तूने. ती साधारण तीनदा दिसते. एकदा दिली जाते, एकदा हरवते किंवा परत केली जाते, आणि एकदा नको त्या वेळी पुन्हा सापडते. पैंजण, अंगठी, रुमाल, वहीत दाबलेले फूल, लग्नपत्रिका. अलीकडे तिच्या जागी काच तडकलेला मोबाइल येतो, ज्यावर न उघडलेला निरोप चमकत असतो. वस्तू बदलली, काम तेच राहिले.

छत्तीसगडात दिवाळीच्या सुमारास बायका टोपलीत मातीचा पोपट ठेवून, भोवती फेर धरून सुवा गातात. सासरी असलेली बाई आपले गाऱ्हाणे नवऱ्यापाशी काढत नाही, सासूपाशी तर नाहीच. ती ते पोपटाला सांगते आणि निरोप घेऊन जा म्हणते. ज्ञानेश्वरांच्या विरहिणीतली स्त्री कावळ्याला शकुन विचारते. मराठी बाई पहाटे जात्याशी बोलते. जिवंत माणसाला सांगता येत नाही ते वस्तूला, पाखराला सांगायचे. म्युझिक व्हिडिओतली मुलगी पैंजण हातात घेऊन खिडकीशी बसते तेव्हा ती याच बायकांच्या रांगेत बसलेली असते. दिग्दर्शकाला हे ठाऊक असो वा नसो, पाहणाऱ्याच्या मनात तो जुना धागा हलतो.

काळ दाखवण्याचे संकेत मात्र यंत्रावर अवलंबून आहेत. आज म्हणजे थंड, निळसर रंग. गेलेले दिवस म्हणजे पिवळसर ऊन. पाऊस लागला की प्रेम जमले किंवा मोडले, मधले काही नाही. पण सर्वांत जास्त वापरली जाते ती मंदगती. मुलगी वळते, केस हळूहळू हवेत पसरतात, ओढणी तरंगते, आणि गंमत म्हणजे ओठ मात्र गाण्याबरोबर अचूक हलत असतात. हे कसे जमते? चित्रीकरणाच्या जागी स्पीकरवर गाणे दुप्पट वेगाने वाजवतात. गायक किंवा नट त्या चिरक्या, धावत्या गाण्याबरोबर भराभर ओठ हलवतो. कॅमेरा सेकंदाला पंचवीसऐवजी पन्नास चौकटी टिपतो. नंतर त्या पंचवीसच्या वेगाने दाखवल्या की ओठ मूळ गाण्याशी जुळतात आणि बाकी सगळे जग, केस, पाऊस, धूळ, अर्ध्या वेगाने सरकते. पडद्यावर जो विरह इतका संथ, इतका खोल वाटतो, तो चित्रित होताना माणसे अक्षरशः घाईने गात असतात. या युक्तीने एक सुंदर परिणाम साधतो: दुःखात असलेल्या माणसाभोवतीचा काळ मंदावतो आणि त्याचा आवाज तेवढा नेहमीच्या वेगाने चालत राहतो.

आता पात्रांकडे. इथे थोडे कठोर बोलावे लागते.

व्हिडिओला पात्राची ओळख करून द्यायला दोन सेकंद मिळतात. म्हणून ठरावीक खुणा: पांढरा कोट म्हणजे डॉक्टर, गळ्यात मंगळसूत्र म्हणजे आता हात मागे घ्या, मोठी गाडी म्हणजे जुळवून आणलेला श्रीमंत वर, खोकला म्हणजे फार दिवस उरले नाहीत. ओळखीचा चेहराही असेच काम करतो. वैशाली सामंत आणि अवधूत गुप्ते यांचा ‘ऐका दाजीबा’ २००२ मध्ये आला. त्या व्हिडिओत इशिता अरुणसमोर मिलिंद गुणाजी होते. चित्रपटांतून प्रेक्षकांनी त्यांना इतके पाहिले होते की ते चौकटीत येताच पात्राचा रुबाब वेगळा उभा करावा लागला नाही. ढोलकीचा बाज आणि पॉपचा ठेका एकत्र आणणाऱ्या त्या गाण्याने मराठी अल्बमला महाराष्ट्राबाहेरही कान मिळवून दिले. खुणा वापरणे हा दोष नव्हे. सोंगट्यांशिवाय पट मांडता येत नाही.

दोष सुरू होतो तो खुणांचे निवाडे होतात तेव्हा. मुलाने सोडले तर त्याची काही तरी मजबुरी असते, आईचे आजारपण, बहिणीचे लग्न. मुलीने सोडले तर ती बेवफा. शेकडो व्हिडिओ या एका वाक्यावर उभे आहेत. मुलीच्या बाजूची गोष्ट सांगायला एक अंतरासुद्धा मिळत नाही. छत्तीसगडच्याच ददरियात बाई आणि गडी शेतात काम करता करता एकमेकांना गाण्यातून सवाल-जबाब करतात. तिथे बाईला उत्तर द्यायचा पुरता हक्क आहे. लोकगीताने दिलेला हक्क नव्या प्रकाराने काढून घ्यावा, ही खरोखर क्लेशाची गोष्ट आहे. आणि मरण? नायिकेला मारून टाकणे ही गोष्ट संपवायची सर्वांत स्वस्त वाट झाली आहे.

संकेत तेच ठेवूनही बाजू उलटवता येते. १९९५ चा अलिशा चिनॉय यांचा ‘मेड इन इंडिया’ पाहावा. संगीत बिद्दू यांचे, दिग्दर्शन केन घोष यांचे. राजकन्येचे स्वयंवर हा तर आजीच्या गोष्टीतला साचा. राजवाडा आहे, देशोदेशीचे उमेदवार आहेत. पण निवड करते आहे ती बाई, आणि पारखला जातो आहे तो पुरुष. मिलिंद सोमण लाकडी पेटीतून बाहेर येतात, जणू कोणी पाठवलेला नजराणा. कॅमेरा एरवी नायिकेकडे ज्या नजरेने पाहतो त्या नजरेने त्यांच्याकडे पाहतो. साचा जुना आणि नजर नवी, म्हणून ते चित्र अजून लोकांच्या डोळ्यांसमोर आहे.

याहूनही मोठी झेप २००० च्या सुमारास आलेल्या ‘मन के मंजीरे’ने घेतली. आवाज शुभा मुद्गल यांचा, शब्द प्रसून जोशी यांचे, संगीत शांतनु मोईत्रा यांचे. ‘ब्रेकथ्रू’ या मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेने घरगुती हिंसेचा प्रश्न लोकांपुढे नेण्यासाठी तो केला. मार खाऊन जगणारी बाई घर सोडते आणि ट्रकच्या चाकामागे बसते. मीता वशिष्ठ यांनी ती भूमिका केली, आणि तिच्यामागे गुजरातेतल्या एका ट्रकचालक स्त्रीचे खरे आयुष्य होते. इथे मूळ नियम किती निष्ठेने पाळला आहे पाहा. गाण्याचे शब्द मनाच्या आनंदाचे आहेत. मारहाणीचा, नवऱ्याचा, कायद्याचा त्यात उच्चार नाही. घटना सगळी चित्रात. त्यामुळे ते प्रचाराचे पत्रक झाले नाही, गाणे राहिले. आणि बाईने स्टिअरिंगवर ठेवलेले हात पाहून जे कळायचे ते प्रत्येकीला कळले.

राहिला शेवट. शेवटाचे संकेत थोडेच आहेत. एक, जे पाहिले ते स्वप्न होते किंवा आठवण होती. दोन, ज्याला आपण जिवंत समजत होतो तो केव्हाच गेलेला आहे आणि नायिका इतका वेळ रिकाम्या खुर्चीशी बोलत होती. तीन, शेवट झाल्यासारखा वाटतो आणि होत नाही. ‘थ्रिलर’मध्ये मुलगी किंचाळून जागी होते, सगळे स्वप्न ठरते, आणि जाता जाता नायक वळून पाहतो तेव्हा त्याचे डोळे पिवळे झालेले असतात. हा तिसरा प्रकार आता धंद्यालाही सोयीचा ठरला आहे. बी प्राक यांनी गायलेले, अक्षय कुमार आणि नूपुर सेनन यांचे ‘फिलहाल’ २०१९ मध्ये आले आणि २०२१ मध्ये त्याचा दुसरा भाग आला. गाण्याला पुढचा भाग असू शकतो, ही कल्पनाच मुळी गाण्याची नाही, गोष्टीची आहे. गाणे किती पूर्णपणे कथेच्या स्वाधीन झाले याची ही साक्ष. पण दुर्गजवळच्या बघेऱ्यात दाऊ रामचंद्र देशमुखांनी १९७१ मध्ये ‘चंदैनी गोंदा’ हा रंगमंचावरचा खेळ उभा केला तेव्हा छत्तीसगडच्या शेतकऱ्याचे आयुष्य त्यांनी गाण्यामागून गाणे ओवूनच सांगितले होते. रात्र-रात्र माणसे ते पाहत बसत. गाण्यांच्या माळेतून गोष्ट पुढे नेण्याची रीत या मातीला नवी नाही.

नवे आहे ते आखडत चाललेले माप. चौदा मिनिटांवरून चार, आणि आता मोबाइलच्या उभ्या चौकटीतले तीस सेकंद. तीस सेकंदांत मुखड्याची एकच फेरी बसते. मग गोष्ट ज्या तीन फेऱ्यांवर उभी होती त्यांतली कोणती उचलायची? बहुधा तिसरी उचलली जाते, इस्पितळातली, रडण्याची. ती उचलणारा प्रेक्षक बसथांब्यावरचे हसू पाहतच नाही. त्याला रडणे दिसते, पण काय हरवले ते दिसत नाही. जाणते दिग्दर्शक यावर एक उपाय करतात: वस्तू तिसऱ्या फेरीतही चौकटीत ठेवतात. खाटेच्या उशाशी, औषधांच्या बाटल्यांमध्ये, ती लाल मखमलीची डबी असते. ज्याने अख्खा व्हिडिओ पाहिला आहे त्याला ती ओळखू येते. ज्याने नाही, तो ती डबी कुठून आली हे पाहायला मागे जातो, आणि बासरीपासून सुरुवात करतो.